उसन्या सुरकुत्या

दुपारी एका दुकानात एकाच दांडीवर शेजारीशेजारी टांगलेली दोन चामडी जॅकेटे पाहिली. दोन्ही जुन्या धाटणीची होती: तिरकी चेन, रुंद कॉलर, खांद्यांवर पट्ट्या, कमरेला बक्कल. एकाची किंमत दुसऱ्याच्या तिपटीहून अधिक होती. गंमत अशी, की स्वस्तातले जॅकेट अधिक जुने दिसत होते. त्याची कोपरे तपकिरी होईपर्यंत घासलेली होती आणि कॉलरच्या कडा फिकटल्या होत्या. महागडे मात्र काळे कुळकुळीत, ताठ आणि नव्या नवरदेवासारखे अवघडलेले होते.

कोणतेही जॅकेट आधी उलटे करून पाहायची मला खोड आहे. बाहेरची बाजू विकण्यासाठी असते आणि आतली शिवणाऱ्यासाठी, असे माझे मत आहे. म्हणून अस्तर कसे जोडले आहे, शिवणीत धाग्याची टोके लोंबतात का, खिशाच्या तोंडाशी चामड्याची कड कच्ची सोडली आहे की दुमडली आहे, हे पाहिल्याशिवाय मी किमतीच्या चिठ्ठीला हात लावत नाही. त्यानंतर पाठ पाहावी. जनावराच्या कातड्यावर काट्यांचे ओरखडे आणि जखमांचे वण असतात; त्यांतून मोठा, निर्दोष तुकडा निवडून सबंध पाठ एकसंध कापायची, तर बाकीचे बरेच कातडे वाया जाते, आणि तो खर्च जॅकेटच्या किमतीत उतरतो. स्वस्त जॅकेटची पाठ चार तुकडे जोडून केलेली असते आणि त्या जोडांना ‘डिझाइन’ म्हणतात. ‘अस्सल चामडे’ या शिक्क्यावर तर विसंबूच नये, कारण वरचा घट्ट तंतूंचा थर आणि त्याखालचा पोकळ थर या दोघांनाही तो सारखाच लावता येतो. चामड्याचा भुगा चिकटवून त्यावर प्लॅस्टिकचा मुलामा दिलेला माल त्याहून खालचा. काही वर्षांत त्याचे पोपडे सुटू लागले, की साध्या रेक्झिनचाही मान राहत नाही.

ही धाटणी सुरू झाली ती न्यूयॉर्कमध्ये. अर्विंग शॉट यांनी १९२८ साली मोटरसायकलस्वारांसाठी जॅकेट बेतले, आपल्या आवडत्या सिगारवरून त्याचे नाव ‘परफेक्टो’ ठेवले, आणि ते लाँग आयलंडवरच्या एका हार्ले-डेव्हिडसन विक्रेत्याकडे साडेपाच डॉलरना विकले जाऊ लागले. आजच्या भावाने ती रक्कम शंभर डॉलरच्या आसपास जाईल. आज त्याच नावाच्या जॅकेटला कित्येक पट मोजावे लागतात. आपण ज्याला शोभा समजतो, ते तेव्हा सगळे कामाचे होते. तिरक्या चेनमुळे छातीवर चामड्याचा दुहेरी पदर येतो आणि समोरचा वारा अडतो; कॉलरची टोके वाऱ्यात फडफडू नयेत म्हणून त्यांना टिचबटणे असतात; मनगटाच्या चेनीमुळे हातमोज्यावर बाही घट्ट बसते; आणि हँडलपर्यंत हात सहज पोहोचावेत म्हणून पाठीत खांद्यांजवळ चुण्या सोडतात. तेव्हा घोड्याचे कातडे मुबलक होते. कामाचे घोडे कमी झाले, तसे ते दुर्मीळ झाले आणि गायीबैलाच्या कातड्याने त्याची जागा घेतली.

लहानपणी मी मामाच्या मोटरसायकलवर मागे बसत असे. माझा गाल बरोबर त्याच्या पाठीच्या मधोमध टेके. सुरुवातीला जॅकेट गार असे, मग हळूहळू ते माझ्या श्वासाने तेवढ्यापुरते ऊबदार होई, आणि मामा वळणावर कलला की चामडे कानाशी करकरत असे. ते जॅकेट इतके जाड होते, की जमिनीवर ठेवले तर क्षणभर आपले आपण उभे राही. मामा त्याला फडक्याने तेल लावायचा आणि त्या वेळी कुणाशी बोलत नसे. एकदा माझ्या मावसभावाने हौसेने ते घातले, तेव्हा दिसायला काही कमी नव्हते, पण कोपराच्या घड्या भलत्याच ठिकाणी आल्या. त्याचा हात वाकायचा एकीकडे आणि बाही दुमडायची दुसरीकडे. वर्षानुवर्षे पडलेल्या त्या सुरकुत्या मामाच्या हातांच्या मापाच्या होत्या.

म्हणूनच कारखान्यातून झिजवून आलेल्या जॅकेटांचा मला राग येतो. जे कोपर कधी कशावर टेकले नाही, ते झिजलेले कसे? ही झीज बहुधा चामड्याचा वरचा थर घासून आणतात, आणि नेमका तोच थर सर्वांत चिवट असतो. वस्तू दुबळी करण्याची मजुरी गिऱ्हाइकाने द्यायची, असा हा व्यवहार आहे. त्यापेक्षा काही जपानी कारागिरांची रीत मला प्रामाणिक वाटते: आतून तपकिरी असलेल्या चामड्यावर काळा रंग फक्त वरवर चढवायचा, म्हणजे तो जसजसा झिजेल तसतसा आतला तपकिरी रंग घालणाऱ्याच्या सवयींप्रमाणे उघडा पडतो. अर्थात या जॅकेटांच्या किमती ऐकून घाम फुटतो. एका मर्यादेपलीकडे आपण टिकाऊपणाचे पैसे देत नाही. जुन्या घडणीची चेन, त्या काळासारखा धागा आणि अभ्यासू हौस यांचे देतो. ते देण्यात गैर काही नाही, फक्त त्याला काटकसर म्हणू नये.

काटकसरच करायची असेल, तर माझा कौल बकरीच्या कातड्याला आहे. मेंढीचे कातडे हाताला लोण्यासारखे लागते पण लवकर फाटते; गायीबैलाचे दणकट असते, पण पहिली काही वर्षे त्याच्याशी कुस्ती खेळावी लागते; बकरीचे मात्र हलके असूनही चिवट असते आणि लवकर अंगाला रुळते. चेन आणि अस्तर बदलता येतात, चामडे बदलता येत नाही, तेव्हा पैसा तिथेच घालावा. किमतीला वर्षांनी भागून पाहिले, तर साधे, जाड, न झिजवलेले जॅकेट बहुतेक वेळा स्वस्तच पडते.

मात्र हा भागाकार जॅकेट घालून फिरणाऱ्यांसाठी आहे. ते घालून गाडी चालवायची असेल, तर हिशेबच वेगळा. मोटरसायकलस्वारांच्या संरक्षक कपड्यांसाठी युरोपात २०२० साली आलेल्या ‘ईएन १७०९२’ या मानकात एएए, एए, ए, बी आणि सी अशा श्रेणी आहेत. ए आणि त्यावरच्या श्रेणींसाठी जॅकेटच्या खांद्यांना व कोपरांना धक्का शोषणाऱ्या गाद्या असाव्याच लागतात. बी श्रेणी रस्त्यावरच्या घासटीला तोंड देते, पण तिच्यात गाद्यांची सक्ती नाही. जुन्या धाटणीच्या पुष्कळ देखण्या जॅकेटांवर यांतली एकही श्रेणी नसते, आणि गादी सरकवायला आत खिसाही नसतो. मामाच्या जॅकेटातही तो नव्हता. एकदा वाळू सांडलेल्या वळणावर तो घसरला, तेव्हा बाही खांद्यापासून मनगटापर्यंत खरवडली गेली. आतली कातडी शाबूत राहिली, खांद्याचे हाड मात्र मोडले. बाही नीट शिवून घेऊन मामाने पुढेही ते जॅकेट वापरले. मला मागे बसवणे मात्र त्याने त्या दिवसापासून बंद केले.