मागच्या दाराने नाही, मुख्य दारानेच

मी व्हीलचेअर वापरते. एका वारसा इमारतीच्या आणि तिच्या बागेच्या सुगम्यता पाहणीसाठी मला बोलावलं, तेव्हा एक प्रस्ताव आधीच तयार होता. दिव्यांगांनी मागच्या, सामान आत नेण्याच्या दाराने यायचं. तिथे पायऱ्या नव्हत्या, म्हणून खर्चही नव्हता. मी ठाम नकार दिला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचं ३० वं कलम सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क देतं. मग सगळे ज्या कमानीखालून आत जातात, तिथूनच मीही जाणार.

संवर्धन वास्तुविशारदांची काळजीही मला पटत होती. पायऱ्यांचे दगड मधोमध झिजून खोलगट झालेले; त्यांना छिन्नी लावायची कल्पना मलाही सहन होईना. तीन पायऱ्या, एकूण चढ ४५ सेंटीमीटर. १:१२ च्या उताराने, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी धरून, रॅम्प ५.४ मीटरचा होतो. वर दोन्ही बाजूंना कठडे, म्हणजे दर्शनी भाग झाकलाच.

तोडगा बागेतून निघाला. पायऱ्यांना हात न लावता शेजारची वाटच ९ मीटर लांबीत हळूहळू चढवायची. उतार १:२०, त्यामुळे तो रॅम्पसारखा दिसतही नाही. खोदायचं नाही; जमिनीवर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे भराव मूळ मातीत मिसळू न देणारं, कापड अंथरून त्यावर भराव, म्हणजे उद्या काढला तरी मूळ जमीन जशीच्या तशी. भराव भिंतीला टेकवायचा मात्र नाही. चुन्यातल्या जुन्या बांधकामात ओल कोंडली की दगड फुटू लागतात. म्हणून आराखड्यात मध्ये फट ठेवली आणि वरच्या टोकाला ती ओलांडायला उचलून काढता येईल अशी लोखंडी पट्टी दाखवली.

परवानगीचे कागद फिरत राहिले, तोवर आम्ही बागेतली आहे ती वाट चालून बघितली. मोकळ्या खडीत माझी पुढची छोटी चाकं रुतायची आणि खुर्ची पुढे झुकायची, म्हणून तिथे दाबून घट्ट बसवलेला थर मागितला. सोबतच्या अंध सहकाऱ्याची अडचण अगदी वेगळी होती: वाट कुठे संपते हे काठीला कळेना. दोन्ही कडांना उंचवट्याची दगडी पट्टी आली ती त्यांच्यामुळे. एकट्या व्हीलचेअरवाल्याला विचारून आखणी करू नका, हे मी प्रत्येक समितीला सांगते.

मंजुरी मिळाली, वाट झाली. वरच्या मजल्याचा प्रश्न बाकी आहे. लिफ्टसाठी जुनी घुमटाकार छतं फोडावी लागतील, ते मलाही नको. तिथल्या दालनांची हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती आणि ध्वनिवर्णन तळमजल्यावर ठेवावं, अशी मागणी आम्ही लेखी दिली आहे.