रॉड निवडताना: मुठीच्या वरची बारीक अक्षरं

दुसऱ्याचा रॉड मागून आणून गरवण्यात एक अडचण असते. मासा लागला की आनंद व्हायच्या आधी ‘मोडला तर?’ हाच विचार येतो आणि हात आखडतो. म्हणून स्वतःचा रॉड घ्यायचं ठरवलं, त्यासाठी एक रक्कम बाजूला काढली आणि चौकशी सुरू केली. दोनच दिवसांत डोकं गरगरायला लागलं. रॉड या नावाखाली साडेपाच फुटी नाजूक काडीपासून बारा फुटी सोट्यापर्यंत काहीही मिळतं, आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत तो ‘सर्व प्रकारच्या मासेमारीसाठी’ असतो.

ज्यांचा रॉड मी मागून आणायचे त्या काकांना विचारलं, कुठला घेऊ? त्यांनी उलट विचारलं, “टाकणार काय आहेस?” ते आधी मासा विचारतील अशी माझी समजूत होती. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. रॉडचं पहिलं काम फेकणं. दिवसभरात मासा एखाद वेळी लागेल, न लागेल. फेकायचं मात्र शंभरदा. तेव्हा जे वजन तू सगळ्यात जास्त वेळा फेकणार, त्याच्यासाठी रॉड घे.

घरी येऊन डब्यातली सगळी ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, आणि शिशाचे तुकडे छोट्या वजनकाट्यावर ठेवले. बहुतेक १० ते १५ ग्रॅमच्या आसपास निघाले. एक-दोन जड होते, पण ते मी क्वचितच वापरते. आमिष लावून तळाला टाकते तेव्हाही शिसं आणि आमिष मिळून वजन तेवढंच भरतं. जागा म्हणाल तर मी काठावरून गरवते, होडीतून जवळजवळ नाहीच. मासे साधारण किलो-दोन किलोचे. एवढं कागदावर उतरवलं आणि निम्मं दुकान आपोआप बाद झालं.

आता ती बारीक अक्षरं. मुठीच्या जरा वर, रॉडच्या दांड्यावर, बहुतेक कंपन्या चार गोष्टी छापतात: लांबी, पॉवर, ॲक्शन, आणि दोरी व ल्युअर यांच्या वजनाच्या मर्यादा. मी शेवटून वाचायला सुरुवात केली. ‘ल्युअर ७–२१ ग्रॅम’ असं लिहिलेलं असेल तर माझे १० ते १५ ग्रॅम बरोबर मधोमध पडतात, आणि रॉड आपल्या मर्यादेच्या मधल्या भागातच सगळ्यात चांगला चालतो. फार हलकं वजन लावलं तर रॉड मागे नेताना वाकतच नाही, मग पुढे फेकायला त्यात ताकदच साठत नाही आणि ल्युअर पायाशी पडतं. फार जड लावून जोरात फेकलं तर शेंडा मोडू शकतो. काही रॉडवर हे आकडे औंसमध्ये असतात. एक औंस म्हणजे साधारण अठ्ठावीस ग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं. दोरीची मर्यादा पौंडांत असते. ८–१२ पौंड म्हणजे साधारण साडेतीन ते साडेपाच किलोला तुटणारी दोरी. हा आकडा साध्या तंगुसासाठी, म्हणजे एकेरी नायलॉनच्या दोरीसाठी, धरलेला असतो. ब्रेडेड, म्हणजे अनेक धागे विणलेली, दोरी त्याच ताकदीला कितीतरी बारीक असते, त्यामुळे लोक सर्रास जास्त पौंडांची ब्रेडेड लावतात. चालतं, पण रीलचा (दोरी गुंडाळायच्या चक्राचा) ड्रॅग, म्हणजे किती ताणाला दोरी सुटू द्यायची ते ठरवणारा ब्रेक, रॉडला झेपेल एवढाच ठेवायचा, नाहीतर दोरी टिकते आणि रॉड जातो.

पॉवर आणि ॲक्शन यांत सगळ्यांचा गोंधळ होतो, दुकानदारांचासुद्धा. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो: अल्ट्रालाईट, लाईट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट असेल तर फक्त वरचा तिसरा हिस्सा वाकतो, मॉडरेट असेल तर अर्ध्यापासून, स्लो असेल तर जवळजवळ मुठीपर्यंत. म्हणजे एकाच मीडियम पॉवरचे दोन रॉड हातात अगदी वेगळे लागू शकतात. शिवाय पॉवरचं माप सगळ्या कंपन्यांचं एक नसतं. मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ‘मीडियम’ रॉड शेजारी धरून पाहिले; त्यातला एक चक्क दुसऱ्याच्या मीडियम हेवीइतका ताठ होता. ग्रॅमचा आकडा त्या मानाने पुष्कळ भरवशाचा.

ॲक्शन ठरवताना मात्र मला बराच वेळ लागला. फास्ट रॉडमध्ये तळाचं सगळं कळतं, दगड, गवत, माशाने नुसतं तोंड लावलेलंसुद्धा. झटका दिला की गळ लगेच रुततो. एका गळाच्या जिगसाठी, म्हणजे गळाच्या डोक्याला शिसं ओतलेल्या ल्युअरसाठी, तो उत्तम. पण तीन तोंडांचे गळ लावलेली ल्युअर ओढताना हाच ताठपणा नडतो. ते गळ बारीक असतात, वरवर रुततात, आणि मासा डोकं झटकतो तेव्हा ताठ रॉड त्यांना उपटून काढतो. तिथे मॉडरेट रॉड प्रत्येक झटक्यासरशी वाकतो आणि गळ सुटू देत नाही. त्यात दोरीचाही भाग आला. तंगूस ताणलं जातं, ब्रेडेड जवळजवळ ताणलंच जात नाही. फास्ट रॉड आणि ब्रेडेड अशी जोडी असेल तर लवचीकपणा कुठेच उरत नाही. मी ब्रेडेड वापरायचं ठरवलं होतं आणि माझी ल्युअर दोन्ही जातींची, म्हणून मॉडरेट फास्ट या मधल्या वाटेवर आले. कसलेले लोक याला ना धड इकडचा ना धड तिकडचा म्हणतील. त्यांच्याकडे चार-चार रॉड असतात.

लांबीवर फार काथ्याकूट केला नाही. लांब रॉड लांब फेकतो आणि पाण्यातली जास्त दोरी उचलतो. आखूड रॉड झाडांखाली आणि होडीत सोयीचा, नेमही अचूक. काठावरून मध्यम अंतरासाठी ७ फूट. लाटांच्या पलीकडे फेकायचं असतं तर १० ते १२ फुटांचा पाहिला असता. स्पिनिंग की बेटकास्टिंग, हा प्रश्नही लवकर सुटला. स्पिनिंगचं रील रॉडच्या खाली लटकतं. बेटकास्टिंगचं वर बसतं, जड वजनाला आणि अचूक फेकीला छान. पण फिरत्या गुंडीवर अंगठ्याचा ताबा येईपर्यंत दोरीचा गुंता सोडवण्यात वेळ जातो आणि हलकी ल्युअर त्यावरून नीट जात नाहीत. माझ्या १० ग्रॅमसाठी स्पिनिंग बरं.

मग पैशांचा हिशेब. इथे दुकानदाराने सगळा भर कार्बनवर दिला. आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. पूर्वी चांगले रॉड बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून करत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू म्हणजे फायबरग्लास आलं आणि १९७० च्या दशकात ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, बाजारात शिरला. कार्बन हलका आणि ताठ, त्यामुळे हाताला जास्त कळतं. फायबरग्लास जड आणि मवाळ, पण मार खाऊन टिकतं. दोन्हीचं मिश्रण असलेले कॉम्पोझिट रॉड मधले. आता कार्बनच्या रॉडवर ‘२४ टन’, ‘३० टन’, ‘४० टन’ असे आकडे असतात. हे वाचून रॉड तेवढा दणकट असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो आकडा ताठपणाचा आहे, मजबुतीचा नाही. टन वाढला की कमी कार्बनमध्ये तेवढाच ताठपणा मिळतो, म्हणून दांडा पातळ आणि हलका करता येतो. पण असा दांडा ठेच लागली की लवकर दगावतो. आयएम ६, आयएम ७ ही मुळात एका कंपनीच्या कार्बन धाग्याची नावं. आता ती कोणीही छापतं. मी त्या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजले नाहीत.

त्यापेक्षा माझं लक्ष गाईडवर होतं, म्हणजे दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांवर. स्वस्त रॉडमध्ये पैसे इथेच वाचवलेले असतात. कड्यांच्या आतली चकती साध्या धातूची असेल तर ब्रेडेड दोरी तिच्यात चर पाडते आणि मग तोच चर दोरी कापतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चकत्या माझ्या कामाला पुरतात. सिलिकॉन कार्बाइडच्या आणखी कठीण आणि गुळगुळीत, पण महाग. मी खिशातला कापूस काढून प्रत्येक कडीतून फिरवला. कुठे तडा किंवा खरवड असेल तर कापसाचे धागे अडकतात. एका रॉडच्या शेंड्याच्या कडीत अडकलेच. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण त्यानेच मग तो रॉड बाजूला ठेवला.

कड्यांची संख्याही मोजली. जेवढे फूट, तेवढ्या कड्या आणि वर एखादी, हा ढोबळ हिशेब. कमी असतील तर वाकलेल्या रॉडवर दोरी कमानीबरोबर न जाता मधूनच सरळ रेषेत जाते आणि ताण ठरावीक जागी येतो. हे पाहायला रील बसवून दोरी ओवली, दुकानदाराला टोक धरायला सांगितलं आणि हळूच ओढलं. टोक धरून हाताने शेंडा वाकवायचा नाही, त्याने चांगला रॉडही मोडतो. मुठीपासून कमान कशी बनते ते नजरेने दिसलं. सात फुटी एका रॉडला पाचच कड्या होत्या. दिसायला तोच सगळ्यात देखणा.

रील बसवून आणखी एक गोष्ट पाहिली. रॉड एका बोटावर रीलच्या थोडं पुढे टेकवला. शेंडा धाडकन खाली गेला तर दिवसभर मनगट दुखणार. रिकामा रॉड हातात घेऊन हवेत हलवण्याला, जे सगळेच करतात, फारसा अर्थ नाही. मूठ कॉर्कची की ईव्हीए फोमची, ही आवड-निवड. स्वस्त कॉर्कला भोकं बुजवून पुटी लावलेली असते आणि ती काही दिवसांत गळते, म्हणून मी फोम घेतला.

जोडाचा रॉड घ्यावा की अखंड, यावर लोक हिरिरीने बोलतात. अखंड रॉड सुरेख वाकतो, खरं आहे, पण ७ फूट लांब वस्तू नेणार कशी? दोन तुकड्यांचे हल्लीचे रॉड पुष्कळ सुधारलेत. दुर्बिणीसारखे आत सरकणारे टेलिस्कोपिक रॉड मात्र मी नाकारले. सांध्यांत वाळू जाते आणि कड्या फिरून एका रेषेत राहत नाहीत. प्रवासात बॅगेत मावेल एवढीच गरज असेल तर ठीक.

ठरवलेली रक्कम मी सगळी रॉडवर घातली नाही. अर्ध्याहून थोडी जास्त रॉडला, बाकी रील आणि नवी दोरी. हलक्या गरवण्यात साधारण रीलनेही निभावतं, कारण बहुतेक मासे दोरी फारशी ओढून नेत नाहीत. समुद्रातल्या जोरकस माशांसाठी हेच उलट करायला हवं. तिथे ड्रॅग गुळगुळीत नसेल तर रॉड कितीही चांगला असो, दोरी तुटते. आणि महागाच्या टोकाला गेलं की फरक कमी कमी होत जातो. सगळ्यात स्वस्तातून मधल्या पट्टीत येताना हाताला जो बदल जाणवतो, तो मधल्यातून महागात जाताना जाणवत नाही, निदान माझ्या हाताला तरी नाही.

शेवटी घेतला तो ७ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम, मॉडरेट फास्ट, ल्युअर ७–२१ ग्रॅम. रंग मला मुळीच आवडला नाही. काकांनी रॉड पाहिला, कड्यांतून बोट फिरवलं आणि दोनच सूचना दिल्या. मासा पायाशी आला की रॉड उभा करून मागे नेऊ नको, सगळा ताण शेंड्यावर येतो. आणि कार्बनमधून वीज वाहते, तेव्हा तारांखाली किंवा ढग गडगडताना काठी मिटायची. तिसरी त्यांनी निघताना गाडीपाशी दिली: दार लावण्याआधी शेंडा आत आहे ना ते बघ, पाण्यापेक्षा जास्त रॉड इथे मोडतात.