अंगठा

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझा अंगठा प्रसिद्ध आहे. आज पाणी दोन तास उशिरा येणार? अंगठा. लिफ्ट बंद? अंगठा. हीच सवय अंदमानात, स्वराज द्वीपला (२०१८ पर्यंतचं हॅवलॉक) पाण्याखाली १० मीटरवर नडली.

स्कूबात अंगठा म्हणजे 'वर चला'. 'ठीक आहे' म्हणायचं तर अंगठा नि तर्जनी जुळवून गोल करायचा. इन्स्ट्रक्टरने किनाऱ्यावर हे तीनदा घोकून घेतलं होतं. श्वास कधीही रोखायचा नाही, कानांत दडे बसले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, हेही. तेवढं मात्र लक्षात राहिलं. तिथे दाब किनाऱ्यावरच्या दुप्पट असतो, पण माझं लक्ष नखांकडे. मुद्दाम लावलेलं लालभडक नेलपेंट चक्क करडं दिसत होतं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पैसे अक्षरशः पाण्यात!

मग पॅरटफिश दिसला. निळा-हिरवा, आणि तोंडाला खरोखरीची चोच. ती प्रवाळाच्या खडकाला लावली की कुर्रर्र आवाज येई, शेजारी कोणी फुटाणे खात बसल्यासारखा. शेवाळापायी हा खडकच कुरतडतो, घशातल्या दातांनी दळतो आणि मागून पांढऱ्या वाळूची धूळ सोडत पुढे जातो. सकाळी ज्या मऊ वाळूवर मी अनवाणी फोटो काढले, तीत याचा चांगलाच वाटा. (घरी आल्यावर सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाकी राहू दे, कालवणाला कसा लागतो?")

इतक्यात इन्स्ट्रक्टरने समोर येऊन गोल दाखवला. ठीक? मी खुशीत अंगठा दाखवला. त्याने लगेच माझं जॅकेट धरलं आणि आम्ही सावकाश वर निघालो. 'नाही, नाही, छान चाललंय' म्हणून मी अंगठा आणखी जोरात हलवला. डोकं बाहेर आलं तेव्हा नवरा दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर खालीच होता. माझा पॅरटफिश त्याने निवांत पाहिला.

परवा संध्याकाळी ठाणे स्टेशनला मरणाची गर्दी. नवरा लांब जिन्यापाशी उभा. गाडी याच प्लॅटफॉर्मला का, असं त्याने हातानेच विचारलं. मी अंगठा दाखवला.

तो मुकाट्याने जिना चढून पुलावर गेला.