आबा तुऱ्याला शिव्या घालतात तेव्हा

डिसेंबर लागला की आमच्या वाळवा तालुक्यात एकच विषय असतो, ऊसतोडीची टोळी कधी येणार. आणि टोळी लांबली की भर म्हणून उसाला तुरा, म्हणजे फुलोरा, येतो. सकाळी फडाकडं बघितलं तर सगळा रुपेरी झालेला, पुण्याच्या पाहुण्यांना फोटो काढायला लई आवडतो, पण आबांचं तोंड उतरतं. तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली, अजून महिना-दोन महिने तोड मिळाली नाही तर कांडी आतनं पोकळ पडत जाते आणि काट्यावर वजन बघितलं की काय ते कळतंच. यंदा आडसालीच्या, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाच्या, प्लॉटला तुरा आला तेव्हा आबा बांधावर उभे राहून जे काही बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

मला मात्र तुरा बघितला की एका बाईची आठवण येते, आणि ते बरेच दिवस लिहायचं होतं.

मी बॉटनी शिकले आणि आता गावातच उसाची रोपवाटिका चालवते. एक डोळा (म्हणजे कोंब) असलेली कांडी, कोकोपीट, ट्रे, शेडनेट, सगळं रोजचं काम. जास्त मागणी ८६०३२ आणि २६५ या जातींना. मागं एक शेतकरी रोपं न्यायला आले होते, टेम्पो भरेपर्यंत बसले आणि सहज विचारलं, ताई, ही नवीन व्हरायटी तयार कशी करतात ओ, आपण तर सारखं डोळाच लावतोय. प्रश्न एकदम बरोबर होता. डोळा लावला की तोच ऊस परत येतो. तुमच्या रानातला ८६०३२, माझ्या ट्रेमधला आणि कर्नाटकातला, सगळे एकाच रोपाचे तुकडे आहेत. ते रोप तमिळनाडूतल्या कोइमतूरला निवडलं गेलं ते वर्ष १९८६, म्हणून नंबरात ८६, आणि 'को' म्हणजे कोइमतूर. त्याचे आईबाप म्हणजे को ६२१९८ आणि कोसी ६७१. पण ते पहिलं रोप डोळ्यापासून आलेलं नव्हतं, ते आलं बीपासून, आणि उसाचं बी असतं तुऱ्यात.

हे ऐकून ते गृहस्थ गप्पच झाले, म्हणाले, उसाला बी असतंय? त्यात त्यांची काही चूक नाही, १८८८ च्या सुमारास जावा आणि बार्बाडोसला बीपासून रोपं उगवलेली दिसली तोपर्यंत जगभरातले जाणकारही उसाला वांझच समजत होते. बी बाजरीच्या दाण्याहून बारीक, त्याला सावरीच्या कापसासारखी लव. आपल्याकडं तुरा येतो पण त्यात जिवंत बी सहसा धरत नाही. कोइमतूरच्या हवेत ते धरतं, म्हणून १९१२ साली ऊस पैदास केंद्र तिथं काढलं. आजही आपल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रासाठी संकर तिकडं होतो, तिकडनं बी येतं, इकडं रोपं करून निवड चालते. २६५ चं पूर्ण नाव कोएम ०२६५ आहे ते त्यामुळंच, एम महाराष्ट्राचा. एक जात बाहेर पडायला दहा-बारा वर्षं कुठंच गेली नाहीत.

तर या कोइमतूरच्या केंद्रात १९३४ साली एक बाई आल्या, जानकी अम्माळ. जन्म १८९७ चा, केरळातल्या तलश्शेरीचा. घर मोठं, पोरं भरपूर, बहिणींची लग्नं होत होती आणि यांनी वनस्पतीशास्त्र निवडलं. मद्रासला शिकल्या, शिकवलं, मग बार्बर स्कॉलरशिप मिळवून अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ ला डॉक्टरेट घेतली. त्या काळात आपल्याकडं किती मुलींना चौथीच्या पुढं शाळेत पाठवत होते, तेवढं आठवून बघा.

इंटरनेटवर त्यांच्याबद्दल सगळीकडं एकच वाक्य फिरतं, की भारताचा ऊस यांनी गोड केला. मला ते पटत नाही आणि त्यानं त्यांचं खरं काम झाकलं जातं. जाड, गोड उसाचा नदीकाठच्या रानटी कास गवताशी संकर करून को २०५ ही जात याच केंद्रातल्या बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी आधीच काढलेली होती, १९१८ च्या सुमारास. आमच्या आजोबांच्या तोंडी असायचा तो को ४१९ ऊस, तोही वेंकटरामन यांच्याच कारकिर्दीतला. जानकी अम्माळ यांचं काम होतं आत बघायचं, पेशीत, क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्रं मोजायचं. ऐकायला साधं वाटतं. आम्हाला कॉलेजात प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाचं टोक द्यायचे, अ‍ॅसिटोकार्माइनमध्ये रंगवायचं, काचेवर ठेवून अंगठ्यानं दाबायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. कांद्याला फक्त १६ क्रोमोसोम, तरी माझी स्लाइड कधी एका झटक्यात जमली नाही, सगळे एकमेकांवर चढलेले. गोड उसाला ८०. कास गवताला ४० पासून १२८ पर्यंत काहीही, जिथलं गवत तिथला आकडा वेगळा. आणि आपल्या रानात उभा असलेला संकरित ऊस म्हणजे १०० ते १३० च्या आसपास. तो पसारा या बाईंनी मोजला, वेगवेगळ्या ठिकाणचं कास गवत तपासलं आणि त्याचं मूळ भारतात आहे हे दाखवलं. कास गवत म्हणजे आमच्या कृष्णाकाठी पावसाळ्यानंतर पांढरं होऊन डुलतं ते, ज्याला कुणी विचारत नाही. आजच्या उसाचा काटकपणा, फुटवे, खोडवा (तोडीनंतर बुडख्यातनं परत येणारं पीक) चांगला येणं, बरंचसं त्याच्याकडनंच आलंय.

त्यांनी उसाचा आणि मक्याचाही संकर करून दाखवला, १९३८ ला तो प्रसिद्ध झाला. त्यातनं शेतकऱ्याच्या रानात लावायची जात निघाली नाही, पण एवढ्या लांबच्या दोन वंशांचं रक्त एका रोपात येऊ शकतं हे कळलं. प्रत्येक प्रयोगातनं लगेच एकरी टन निघाले पाहिजेत असं मला वाटत नाही. आपल्याला निघणारे टन असल्याच कुणाच्या तरी मोजदादीवर उभे असतात.

कोइमतूरला त्यांना त्रास झाला. एकटी बाई, लग्न न केलेली, त्यात मागास समजल्या जाणाऱ्या तिय्या समाजातली, त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी हे नोंदवून ठेवलंय. मला हे वाचताना लई लागलं. मी शेडमध्ये हातात पावतीबुक घेऊन उभी असते आणि समोरचा माणूस माझ्या खांद्यावरनं मागं बघत विचारतो, मालक कुठायत? एका ट्रेनिंगला तर मला सरळ चहापाण्याच्या व्यवस्थेतली समजले होते. माझं सोडा, पण १९३५ साली ज्या बाईला पेशीतलं तिथल्या कुणापेक्षाही जास्त दिसत होतं, तिचं काय झालं असेल.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये त्या एडिनबरोच्या जेनेटिक्स काँग्रेसला गेल्या आणि महायुद्ध सुरू झालं, मग तिकडंच राहिल्या. लंडनच्या जॉन इन्स संस्थेत काम, रात्री बॉम्ब पडायचे तेव्हा पलंगाखाली आणि सकाळी प्रयोगशाळेत काचा झाडून परत कामाला. त्यांच्या घरचे सांगतात की इंग्लंडला जाताना त्यांनी साडीत लपवून एक खारूताई नेली होती, तिचं नाव कापोक. मला ही गोष्ट फार आवडते, सावरीच्या कापसाला कापोक म्हणतात, आणि उसाच्या बीची लवही तशीच. १९४५ ला डार्लिंग्टन या शास्त्रज्ञाबरोबर लागवडीखालच्या वनस्पतींच्या क्रोमोसोमचा मोठा अ‍ॅटलास काढला. नंतर इंग्लंडातल्याच विस्लीच्या बागेत कॉल्चिसीन हे रसायन लावून मॅग्नोलियाचे क्रोमोसोम दुप्पट केले, त्यातल्या एका मॅग्नोलियाला त्यांचंच नाव आहे.

१९५१ ला नेहरूंच्या सांगण्यावरनं त्या परत आल्या, बोटॅनिकल सर्व्हेची घडी बसवायला. १९७७ ला पद्मश्री. ऐंशीच्या घरात असताना केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात जाऊ नये म्हणून उभ्या राहिल्या. धरणाच्याच पाण्यावर आमचा ऊस उभा आहे त्यामुळं हे लिहिताना मी थांबले होते, पण ज्या बाईनं आयुष्यभर रानटी गवतात उसाचा जीव शोधला तिला जंगल वाचवावं वाटणारच. १९८४ च्या फेब्रुवारीत मद्रासजवळ मदुरवायलला त्या गेल्या, शेवटपर्यंत काम करत होत्या.

हे सगळं मी आबांना रात्री जेवताना सांगितलं. आबा भाकरी मोडत ऐकत होते, मधेच आईला म्हणाले, बघ, उसाची पण डॉक्टर असतीय. मग मला म्हणाले, पण आपल्या तुऱ्यात बी धरत नाही म्हणतीस ना, मग काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी मी आडसालीतनं तीन तुरे कापून आणले, पिशवीत वाळवले, लव एका ट्रेमध्ये कोकोपीटवर पसरली, वरनं हलका फवारा. धरणार नाही हे मला माहितीय. आज अकरावा दिवस. ट्रे शेडच्या दाराजवळच ठेवलाय आणि आबा टोळीच्या मुकादमाला फोन करत येरझाऱ्या घालतात तेव्हा जाता-येता त्यात वाकून बघतात, अजून तरी काही उगवलेलं नाही.