मृदंग दुसऱ्याच्या गळ्यात

कोल्हापुरातून कार्तिकीला निघालो तेव्हा मृदंग माझ्या गळ्यात नव्हता. कित्येक वर्षं तो मीच वाजवत आलो. यंदा दिंडीप्रमुखांनी तो कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराच्या गळ्यात घातला आणि माझ्या हातात टाळ दिले. विचारलं नाही, आधी सांगितलंही नाही. शिरोलीपर्यंत मी मुकाट्यानं चाललो, पण कान सगळा त्या पोराच्या हाताकडं. मृदंगाच्या डाव्या अंगाला नादासाठी लावलेली कणीक वाळत आली होती, त्यामुळं नाद फुटत होता. तोंडानं ज्ञानोबा-तुकाराम चाललेलं आणि आत त्याच्या प्रत्येक थापेचा हिशेब.

हातकणंगले, जयसिंगपूर, अंकलीचा पूल, मिरज. मिरजेत विणेकऱ्यांनी सतारमेकर गल्लीत वीणेची तार बदलून घेतली, एवढं आठवतं. बाकी मुक्काम, पंगती, हरिपाठ सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. एका मुक्कामाला माझी वळकटी ट्रकमधून उतरलीच नाही. रात्रभर दुसऱ्याच्या सतरंजीच्या कडेला कुडकुडत पडलो आणि काकड्याला उठलो तो चिडूनच. काकडा संपला तेव्हा चीड नव्हती. मी ती घालवली नव्हती.

नागज सोडलं आणि ऊन चढलं. उजव्या टाचेखाली आधीच फोड आला होता, तो आता टरटरून फुगला. डांबराच्या कडेची बारीक खडी पायात घुसायची आणि डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी मागं पडत गेलो. टाळांचा आवाज लांब लांब जात पार बारीक झाला.

या पट्ट्यात रस्त्याकडेला बेदाण्याच्या शेडी आहेत. वर शेडनेट, खाली जाळीचे थर एकावर एक. द्राक्षं निघाली की ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून पंधरवडाभर इथं वाळवतात. कार्तिकात हंगाम नसतो, जाळ्या रिकाम्या होत्या. एका शेडीच्या सावलीत राखण करणारी म्हातारी बसली होती.

"माऊली, बसा की वाईच. पाय दावा."

नको म्हणालो, दिंडी पुढं गेलीय म्हणालो. तिनं ऐकलं नाही. तांब्यातल्या पाण्यानं पाय धुतला, पदरानं पुसला आणि मांडीवर घेतला. सुईत पांढरा दोरा ओवला, सुईचं टोक चुलीच्या जाळावर धरलं. फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसऱ्या कडेनं अलगद काढली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवून मधला दोरा तसाच आत राहू दिला. पाणी दोऱ्यावाटे झिरपतं, वरची कातडी शाबूत राहते. मग खोबरेल, त्यावर हळद, त्यावर जुन्या धोतराची पट्टी.

"दोरा वडू नगा. आपसूक निघंल."

तिनं माझं नाव विचारलं नाही. गाव नाही, दिंडी कुणाची तेही नाही. मला मात्र सांगावंसं वाटत होतं, मी मृदंग वाजवतो म्हणून. अगदी ओठावर आलं होतं. पण तिचं सगळं लक्ष टाचेवर होतं, माझं ऐकायला तिथं कुणी नव्हतंच. पट्टी बांधून झाली आणि तिनं त्याच पायावर डोकं टेकवलं. वारीत पाया पडणं काही नवीन नाही, दिवसातून कितीदा तरी पडतो आणि पडून घेतो. पण तो नमस्कार मला नव्हता हे त्या वेळी लख्ख कळलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. मीही तिच्या पायावर वाकलो. तिच्या टाचेच्या भेगांत काळी माती रुतून बसली होती.

तिथून पुढं लंगडत दिंडी गाठली. एक पाय टाचेवर, एक चवड्यावर. मग कधी काय झालं कळलं नाही. टाळ वाजत होते, नाम चाललं होतं, टाच ठणकत होती, पण मला दुखतंय असं म्हणणारं आत कुणी नव्हतं. किती वेळ, माहीत नाही. मग मनात आलं, काय शांत वाटतंय! झालं. लगेच मृदंगाचा फुटका नाद कानावर आला.

यावर मी फार विचार केलाय. अहंकार टाका, असं कीर्तनात नेहमी सांगतात. पण टाकणार कोण? मी टाकला असं जो म्हणतो तो तोच असतो. माझ्या अनुभवाला आलं ते एवढंच, की पायाला, हाताला आणि जिभेला एकदम काम लागलं की मीपण थोडा वेळ मागं राहतं. आणि तेवढ्या वेळात आत जी शांती दिसते ती कुणी नव्यानं आणून ठेवलेली नसते.

जुनोनीत दिंडी थांबली. 31 ऑक्टोबर 2022 ला संध्याकाळी याच रस्त्यावर जठारवाडीच्या दिंडीत भरधाव गाडी घुसली आणि सात वारकरी गेले. आमच्याच करवीर तालुक्यातली माणसं. टाळ थांबले, कुणी भाषण केलं नाही. थोड्या वेळानं त्या पोरानं ठेका धरला, इतका सावकाश की मी तसा कधीच धरला नसता. बरोबर धरला त्यानं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सांगोला, मग पंढरपूर. चंद्रभागेत आंघोळ झाली. दर्शनबारीत पाठीमागचा माणूस सारखा कोपर मारत होता, त्याचा राग आला. दिंडीप्रमुखांवरचा राग तर अजून आहे, त्यांनी विचारायला हवं होतं. पायांवर डोकं टेकलं तेव्हा दोन्ही राग बरोबरच होते, आणि दर्शन पोटभर झालं.

आता पहाटे रंकाळ्यावर चालायला जातो. शालिनी पॅलेसच्या बाजूनं नाम घेत चाललो की एखाद्या दिवशी चार पावलं तसं होतं. ओढून आणू म्हटलं तर होत नाही. येत्या कार्तिकीसाठी नाव दिलंय, टाळकऱ्यांत.