चिंध्यांची पिशवी: पट्टी झाली, दोन टिपा मारल्या, आता बंद शिवायचा

या वेळी ठरवलं की आधी आकार आखून कापड कापायचं नाही. तुकडे जसे आहेत तसे जोडायचे आणि पिशवीचा आकार त्यांतून येऊ द्यायचा. त्यासाठी अझुमा बुकुरो या जपानी, टोकं बांधून धरायच्या कापडी पिशवीइतका सोयीचा नमुना मला माहीत नाही. रुंदीच्या तिप्पट लांबीची एक सरळ पट्टी, दोन दुमडी, दोन टिपा. गोलाई नाही, त्यामुळे कात्रण पडतच नाही.

तुकडे निवडताना रंगापेक्षा कापडाची जाडी पाहिली. पातळ मलमलीशेजारी जाड डेनिम आलं की शिवण चुण्या धरते. ताणणारं होजिअरी वेगळं ठेवलं. सगळं धुऊन, इस्त्री करून घेतलं. नवं सुती कापड आटतं, आणि जुन्याशेजारी शिवलेलं नवं कापड पहिल्याच धुण्यात ओढ धरतं.

खरी मजा पाचरीसारख्या तुकड्यांत आली. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळते; एरवी हेच सरळ करण्याच्या नादात निम्मं कापड जातं. मी ते उलटसुलट लावले: एकाचं रुंद टोक वर, पुढच्याचं खाली. तिरकेपणा आपोआप भरून निघतो आणि पट्टी सरळ राहते. तिरकी कड उरेबावर, म्हणजे धाग्यांना तिरपी, असते, म्हणून ओढली की लांबते. ती बाजू खाली, मशीनच्या दात्यांकडे ठेवली की दाते तिला सामावून घेतात. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, ६ मिलिमीटर, टाका नेहमीच्या अडीचऐवजी २ मिलिमीटरचा. बारीक टाक्याने जोडाची टोकं लवकर उसवत नाहीत.

माप घेताना एक गोष्ट नीट पाहा. १:३ हे प्रमाण तयार पट्टीचं असतं, कच्च्या कापडाचं नाही. मला २६ × ७८ सेंटिमीटर हवं होतं, म्हणून चारही बाजूंना १ सेंटिमीटर माया धरून २८ × ८० ची पट्टी जोडली. अस्तर त्याच मापाचं, उरलेल्या चादरीचं. दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून भोवती टीप मारली, हात जाईल एवढी फट ठेवली, उलटवलं आणि फट हाताने बंद केली. सगळे जोड आत गेले, कडा उसवू नयेत म्हणून ओव्हरलॉकची गरजच उरली नाही.

मग घडी. पट्टी आडवी, तुकड्यांची बाजू वर. डावा चौरस मधल्यावर दुमडून फक्त खालच्या कडेला टीप. नंतर उजवा चौरस त्यावर आणून वरच्या कडेला टीप. या वेळी डाव्या चौरसाची वरची कड बाजूला सारायची, म्हणजे ती शिवणीत सापडत नाही. टिपा कडेपासून ३ मिलिमीटरवर, सुई १४ नंबरची, कारण जोडांवर थर बरेच होतात. उलटवल्यावर सपाट पट्टीतून एकदम खोल पिशवी उभी राहते. कितीही वेळा केलं तरी हा क्षण मला फार आवडतो.

मूळ पद्धतीत वरची दोन टोकं एकमेकांना बांधतात. एकेरी पातळ कापडाला ते शोभतं. अस्तर लावलेल्या लहान पिशवीत गाठ जाड होते. म्हणून टोकं बंदाने, म्हणजे धरायच्या पट्टीने, जोडणार आहे. त्यासाठी कापडाच्या किनारी साठवल्या आहेत. उभ्या धाग्यांची किनार दाट विणीची असते, फारशी ताणत नाही, म्हणून बंदाच्या घडीत आत दोन-तीन लांब किनारी घालून वरून समांतर टिपा मारेन. वजन त्या धरतील, आत घालायचं ताठ कापड, बकरम, लागणार नाही. बोटाएवढ्या उरलेल्या चिंध्या आणि दोऱ्याचे तुकडे टाचण्यांच्या उशीत भरायला वेगळे काढले आहेत. बंद झाला की तीच शिवायला घेते.