एक पुंगळी कमी

पोलिसांच्या वार्षिक फायरिंगला, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला, दोन आकडे जुळावे लागतात. राउंड, म्हणजे काडतुसं, किती दिले आणि झाडून झाल्यावर उरणाऱ्या रिकाम्या पितळी पुंगळ्या किती परत आल्या. तिसरा आकडा, म्हणजे टार्गेटला भोकं किती पडली, त्यालाही रजिस्टरात रकाना आहे. पण त्या रकान्यावरून कोणाचा जीव वरखाली झालेला मी अजून पाहिला नाही.

मी पोलीस दलात हवालदार, हत्यारं शिकवणारा उस्ताद. युनिटचं नाव लिहीत नाही, सोलापूरचं आहे एवढं पुरे.

हिवाळ्यात व्हायची फायरिंग त्या वर्षी मे महिन्यात गेली होती. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचा बंदोबस्त, मग जयंत्या, मग परीक्षा. आणि खरं कारण म्हणजे राउंडच आले नव्हते. मागणी माणशी दहाची, मंजूर झाले पाच, हातात पडले मार्च उलटल्यावर. आषाढी तोंडावर होती, आणि एकदा पंढरपूरला माणसं गेली की कोणी सापडत नाही. म्हणून साहेबांनी मेचा मुहूर्त काढला. सोलापूरच्या मे महिन्यात सकाळी नऊला एसएलआर रायफलीची नळी हाताला चटका देते, त्यासाठी फायर करावं लागत नाही.

बट, म्हणजे फायरिंगची जागा, गावाबाहेर आहे. मागे मुरमाची टेकडी, अलीकडे बाभळी. लाल झेंडे लागले, ॲम्ब्युलन्स आली, डिटेल, म्हणजे फायर करणाऱ्यांच्या तुकड्या, पडले. झोपून फायर करायला दऱ्या, म्हणजे सतरंज्या, आणि उजव्या अंगाला ताडपत्री अंथरली, कारण एसएलआर पुंगळी उजवीकडे फेकते. ती कधी ताडपत्रीवर पडते, कधी शेजारच्याच्या कॉलरमध्ये. तापलेलं पितळ मानेला लागलं की माणूस पोझिशन सोडून उड्या मारतो, आणि दरवर्षी सगळे तितक्याच जोरात हसतात.

तिसऱ्या डिटेलला आमचे मालक होते. पोलीस ठाण्यात कॉम्प्युटरवर फिर्यादी भरणारे वयस्कर अंमलदार, सगळे त्यांना मालकच म्हणतात. कायद्याची कलमं तोंडपाठ, पण रायफल वर्षातून एकदा हातात. त्यांचे पाचही राउंड टार्गेटच्या दोन हात खाली मातीत गेले, धुरळ्यावरून दिसत होतं. पाच झाल्याचं भान न राहून त्यांनी सहाव्यांदा ट्रिगर दाबला. एसएलआरचा बोल्ट शेवटच्या राउंडनंतर मागे अडकून राहत नाही, त्यामुळे नुसता ‘खट्’ आवाज आला. त्या खटसरशी रायफलीचं तोंड खाली गेलं, खांदा पुढे ढकलला गेला आणि डोळे गच्च मिटले. धक्का आलाच नव्हता, पण शरीर त्याच्यासाठी आधीच तयार होऊन बसलं होतं. नेम चुकण्याचं कारण तिथे उघडं पडलं. डोळ्यांचा दोष नव्हता, रायफलीचाही नव्हता.

रजिस्टरात लिहिलं: राउंड 5, पुंगळ्या 5, हिट 0. मालकांनी सही ठोकली, “झालं की उस्ताद” म्हणाले आणि पाण्याच्या टँकरकडे गेले. कागदावर खरंच झालं होतं. वर जाणाऱ्या तक्त्यात फायरिंग केलेल्यांची संख्या जाते. लागल्या किती, ते खालीच राहतं.

दुपारी शेवटचा डिटेल संपला. पुंगळ्या फळीवर दहा-दहाच्या ओळींत उभ्या केल्या. शेवटच्या ओळीत नऊच भरल्या. परत मोजल्या. नऊच.

साहेब म्हणाले, “पुंगळी मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही.”

नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पुंगळी कमी म्हणजे कदाचित राउंड फायर न होता कोणाच्या खिशातून बाहेर गेला, आणि बाहेर गेलेल्या राउंडाचं काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. खुलासा, चौकशी, पगारवाढ रोखणं, सगळं त्यामागून येतं. म्हणून सगळं युनिट खांद्याला खांदा लावून, कमरेत वाकून त्या माळावर चालू लागलं. बाभळीच्या बुडाशी, मुंग्यांच्या वारुळात, बुटांच्या तळव्यांत शोधाशोध. शेळ्या घेऊन आलेला एक म्हातारा बराच वेळ बघत उभा होता. शेवटी त्याने एका पोराला विचारलं, “काय शोधलालास बे, सोनं पडलंय का?”

“पितळ हाय आजोबा,” पोरगं म्हणालं.

म्हातारा हसत निघून गेला. त्याचं काय चुकलं?

मालकांना मी सावलीला बोलावलं. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, मॅगझीन काढून बाजूला ठेवलं, आणि नळीच्या टोकाशी, नेम धरायच्या फोरसाइटजवळ, एक रुपयाचं नाणं ठेवलं. “मालक, ट्रिगर दाबा. नाणं पडता कामा नये.” पडलं. मी कॉक करून दिलं, परत ठेवलं, परत पडलं. मालक वैतागले. “अहो उस्ताद, गोळी नाही आत, तरी हात का हलतोय?” तेच तर सांगायचं होतं. श्वास अर्धा सोडा, बोट सावकाश मागे घ्या, आवाज कधी येईल याची वाट बघू नका. बऱ्याच वेळाने नाणं एकदा जागेवर राहिलं आणि मालक लहान मुलासारखे माझ्याकडे बघायला लागले. आता लगेच पाच राउंड मिळाले असते तर त्यांच्या हाताला ते कळलं असतं. राउंड नव्हते. माझ्यासमोर होत्या त्या पुंगळ्या, त्याही एक कमी.

इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र शाळेत मी कोर्स केला, तेव्हा रात्रीचं फायरिंग, हलतं टार्गेट, धापा टाकत पळत येऊन केलेलं फायरिंग असं सगळं पाहिलं. परत आलो ते कागदाच्या माणसाकडे. तो हलत नाही, ओरडत नाही, गर्दीत मिसळत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एका पोलिसाने रात्री वस्तीत संशयिताचा पाठलाग करताना घराबाहेर आलेल्या निरपराध माणसाला गोळी घातली. 1979 मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने म्हटलं की, अंधारातलं, वस्तीतलं, हलत्या टार्गेटचं शिक्षणच दिलं नसेल, तर नुसत्या रेंजवरच्या सरावाला अगदीच अपुरं ठरवायला ज्युरी मोकळी आहे. न्यूयॉर्क पोलिसांवरचा रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा 2008चा अहवाल सांगतो की, 1998 ते 2006 या काळात समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या अठराच गोळ्या लागल्या. हे त्या दलाचं, जिथे सरावाला पैसा आहे. आमच्या पाच राउंडांचा हिशेब आपापला मांडावा.

26/11 नंतर राम प्रधान समितीनेही दारूगोळ्याच्या टंचाईवर आणि बुडालेल्या सरावावर बोट ठेवलं होतं. काडतुसं काही परदेशातून आणायची नाहीत. खडकीला आणि वरणगावला, आपल्याच राज्यात, ती बनतात. आधुनिकीकरणाची केंद्राची योजनाही आहे, केंद्र साठ आणि राज्य चाळीस टक्के. पण गाडी आली की नारळ फुटतो, चाव्या देतानाचा फोटो छापून येतो. झाडून संपलेल्या राउंडाचा फोटो कोण काढणार? सरावाचा राउंड ही सरकारी खर्चातली अशी वस्तू आहे की खर्च नीट झाला तर मागे काहीच उरत नाही, आणि ऑडिटला तेच खुपतं. उरते ती पुंगळी. म्हणून तिला इतका मान.

ती सापडली दिवे लागायच्या सुमारास, गाडीत टाकलेल्या दरीच्या गुंडाळीत. आवराआवर करताना कोणीतरी दरी पुंगळीसकट गुंडाळली होती. टाळ्या वाजल्या. साहेबांनी स्वतः ती फळीवर ठेवली. दिवसभरात कुठल्या टार्गेटला पाचपैकी पाच पडले होते, त्याला टाळी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी टिपण लिहिलं. हिट शून्य असलेल्यांना जादा राउंड आणि फेरफायरिंग द्यावं. कार्यालयातल्या लिपिकाने ते वाचून हळूच विचारलं, “शून्यवाले किती, हे लेखी द्यायचंय का? मग सशस्त्र गार्डला माणसं कुठून आणायची?” प्रश्न खवचट नव्हता. ज्याला नेम येत नाही असं आपणच लिहून दिलं, त्याच्या हातात रायफल देताना सही कोण करणार? टिपण तरीही दिलं. ते ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ असा शेरा घेऊन परत आलं.

मालकांना त्याच आठवड्यात स्ट्राँगरूमची गार्ड लागली. भरलेली रायफल घेऊन ते उभे राहिले, वर्षभराची फायरिंग झालेली असल्यामुळे पात्र होते.

गार्ड संपल्यावर मात्र ते स्वतःहून मुख्यालयात यायला लागले. संध्याकाळच्या गणनेनंतर कोतातून, म्हणजे हत्यारांच्या कोठारातून, रिकामी रायफल काढतो, दहा-पंधरा मिनिटं सराव करतो. अजून चार-पाच जण येतात, त्यात दोघी महिला अंमलदार आहेत आणि त्या मालकांपेक्षा पुढे आहेत. मालकांचं नाणं आता बहुतेक वेळा जागेवर राहतं. गोळी कुठे लागते ते पुढच्या फायरिंगला कळेल, राउंड आले तर.